शत्त अल-अरब : एका रेषेचा मागोवा

इराकला समुद्र आहे, पण नावापुरता. त्याचा किनारा साठ किलोमीटरसुद्धा भरत नाही. देशाचा जुना जलमार्ग म्हणजे शत्त अल-अरब ही नदी. कुरना गावापाशी तैग्रिस आणि युफ्रेटिस एकत्र येतात, आणि तिथून सुमारे दोनशे किलोमीटर वाहत ती आखाताला मिळते. इराणी तिला अर्वंद रूद म्हणतात. ज्या बसऱ्याचे मोती आपल्याकडच्या दागिन्यांत मिरवले आणि ज्याच्या बंदरातून अरबी घोडे मुंबईला उतरत, ते बसरा हिच्याच काठचं. खाली गेलं की पूर्वेच्या काठावर इराणची खोर्रमशहर आणि अबादान लागतात. तिथून मुखापर्यंत नदीच दोन देशांची हद्द आहे. वाद एवढाच, की ही हद्द इराणच्या काठाला टेकलेली की पाण्याच्या मधोमध?

ही रेषा कुणी एका बैठकीत आखलेली नाही. १६३९ च्या झुहाब तहात तेव्हा इराक ज्यांच्या ताब्यात होता ते उस्मानी सुलतान आणि इराणचे सफवी शाह यांनी हद्दी ठरवल्या, त्या टोळ्या आणि किल्ल्यांच्या हिशेबाने, अगदी ढोबळ. नदीचा प्रश्न खऱ्या अर्थाने आला १८४७ च्या एर्झुरूम तहात. ब्रिटन आणि रशिया मध्यस्थ होते. इराणने सुलेमानियावरचा दावा सोडला. बदल्यात त्याला मुहम्मरा (आजचं खोर्रमशहर), अबादानचं बेट आणि पूर्वेचा काठ मिळाला, शिवाय नदीतून जहाजं नेण्याची मोकळीक. पाणी मात्र सुलतानाचंच राहिलं. म्हणजे आपल्याच काठावरून बोट पाण्यात लोटली की परमुलूख सुरू! १९१३ च्या इस्तंबूल कराराने हीच व्यवस्था कायम केली, फक्त मुहम्मऱ्यापुरता अपवाद केला.

तोवर इराणात तेल निघालं होतं. १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमानला विहीर लागली आणि चार वर्षांत अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना चालू झाला. पहिलं महायुद्ध पेटल्यावर ब्रिटिशांनी या तेलाच्या राखणीसाठी जी फौज मुंबईहून पाठवली, ती सहाव्या पुणे डिव्हिजनची. ६ नोव्हेंबर १९१४ ला ती नदीच्या मुखाशी फावला उतरली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. यातल्या अनेकांच्या नशिबी पुढे इराकमधल्या कुतचा वेढा आणि तुर्कांची कैद आली.

युद्धानंतर इराक हा नवा देश झाला आणि सुलतानाचा दावा त्याच्याकडे वारशाने आला. १९३७ च्या तहात अबादानसमोरच्या सात-आठ किलोमीटरपुरती रेषा मधल्या खोल प्रवाहात सरकली. बाकी पाणी इराकचंच. जहाजांवर पायलट इराकी आणि जकात बसऱ्याला. इराणला हे सलत राहिलं.

इथून पुढची कथा सरळ ‘बळी तो कान पिळी’ची आहे. एप्रिल १९६९ मध्ये इराणच्या शाहने १९३७ चा तह झुगारला आणि ‘इब्न सीना’ हे मालवाहू जहाज इराणी झेंडा लावून, आरमार आणि विमानांच्या संरक्षणात नदीतून समुद्राकडे नेलं. इराकने निषेध केला, गोळी झाडली नाही. पाठोपाठ शाहने इराकमधल्या कुर्दांच्या बंडाला पैशाची आणि शस्त्रांची मदत वाढवली. कुर्द नेते मुल्ला मुस्तफा बारझानींच्या लढवय्यांनी बगदादला इतकं जेरीस आणलं की ६ मार्च १९७५ ला अल्जिअर्समध्ये इराकचे उपाध्यक्ष सद्दाम हुसेन यांनी शाहशी समझोता केला. सगळ्या नदीत रेषा खोल प्रवाहाच्या मध्यावर, आणि बदल्यात कुर्दांची मदत बंद. काही आठवड्यांत बंड कोसळलं. या सगळ्या व्यवहारात सगळ्यात निर्लज्ज भाग हाच होता. नदीच्या हद्दीची किंमत डोंगरातल्या माणसांनी मोजली.

१९७९ मध्ये शाह गेला. इस्लामी क्रांतीचे नेते खोमेनी आले, सैन्याधिकाऱ्यांची धरपकड झाली, अमेरिकेशी वैर झालं. इराकमध्ये सद्दाम अध्यक्ष बनले. इराकी शियांचे नेते मुहम्मद बाकिर अल-सद्र यांना एप्रिल १९८० मध्ये ठार मारण्यात आलं. खोमेनी इराकी जनतेला उठावाची हाक देत होते. सद्दामना हे भयही वाटलं आणि संधीही दिसली. १७ सप्टेंबरला त्यांनी पाच वर्षांपूर्वी स्वतः केलेला करार रद्द करून टाकला, आणि २२ तारखेला हल्ला चढवला.

आडाखा झटपट विजयाचा होता. पण इराणची विमानं धावपट्टीवर जळाली नाहीत. ती पक्क्या निवाऱ्यांत होती. खोर्रमशहर घ्यायला महिना गेला, अबादान पडलंच नाही. आणि ज्या नदीसाठी लढाई, ती पहिल्याच दिवसांत बंद झाली. डझनावारी परदेशी जहाजं तिच्यात अडकली.

२४ मे १९८२ ला इराणने खोर्रमशहर परत जिंकलं. सद्दामनी माघार जाहीर केली. माझ्या मते या युद्धाचा खरा निवाडा इथे करायला हवा. रेषेचं युद्ध त्या दिवशी संपलं होतं. तेहरानमध्ये मतभेद झाले, पण जुलैमध्ये फौजा बसऱ्याच्या दिशेने निघाल्या, आणि मागणी झाली सद्दामना हटवण्याची. पहिली दोन वर्षं सद्दामच्या खाती जमा आहेत. पुढच्या सहा वर्षांतला मोठा वाटा खोमेनींना उचलावा लागेल, आणि बाहेरच्यांनाही. आखाती राजांनी इराकला अब्जावधी डॉलर दिले. सोव्हिएत आणि फ्रेंच शस्त्रं आली. अमेरिकेने इराकला हेरगिरीची माहिती दिली आणि चोरून इराणलाही शस्त्रं विकली.

त्या सहा वर्षांत इराणच्या बसीज या स्वयंसेवक दलातली किशोरवयीन मुलं सुरुंगांच्या पट्ट्यांतून पुढे गेली, इराकने विषारी वायू सोडले, टँकर जळाले. फेब्रुवारी १९८६ मध्ये इराणी जवानांनी रात्री नदी ओलांडून फाव घेतलं. दोन वर्षं मुखाशी दोन्ही काठ इराणचे होते आणि त्या पाण्यातून एकही व्यापारी जहाज जाऊ शकत नव्हतं! मार्च १९८८ मध्ये हलब्जाच्या कुर्दांवर वायू पडला, एप्रिलमध्ये इराकने फाव परत घेतलं, ३ जुलैला अमेरिकी युद्धनौकेने २९० माणसांसह इराणी प्रवासी विमान पाडलं. खोमेनींनी विषाचा पेला म्हणत संयुक्त राष्ट्रांचा युद्धबंदीचा ठराव ५९८ स्वीकारला. २० ऑगस्टला बंदुका थांबल्या. मृतांचे अंदाज पाच लाखांपासून दहा लाखांपर्यंत जातात.

तरी जिनिव्हाच्या वाटाघाटी पुन्हा नदीवरच अडल्या. इराक म्हणे आधी गाळ आणि बुडालेली जहाजं काढा. इराण म्हणे आधी १९७५ माना. दोन वर्षं तसंच. मग सद्दामनी कुवेत गिळलं, पूर्वेची आघाडी मोकळी करायची गरज पडली, आणि १४ ऑगस्ट १९९० ला त्यांनी अध्यक्ष रफसंजानींना कळवलं की १९७५ चा करार मान्य आहे. सही त्यांची, तो रद्दही त्यांनीच केला आणि पुन्हा स्वीकारलाही त्यांनीच.

२००७ मध्ये इराकचे अध्यक्ष जलाल तालबानी यांनी हा करार आपण मानत नसल्याचं म्हटलं आणि लगेच शब्द मागे घेतले. तालबानी स्वतः कुर्द होते. मार्च २०१९ मध्ये इराणचे तेव्हाचे अध्यक्ष रूहानी बगदादला गेले, तेव्हा दोन्ही सरकारांनी तोच करार अमलात आणायचं आणि नदीतला गाळ उपसायचं संयुक्तपणे जाहीर केलं.