मानेचा ओळंबा : क्ष-किरणचित्रावरील मोजमापे आणि मणक्यांची शस्त्रक्रिया

प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे ४ ते ५ किलो असते आणि ते मानेच्या ७ मणक्यांवर तोललेले असते. हा तोल ढळला, की मान पुढे झुकते, स्नायू थकतात आणि मज्जारज्जूवर ताण येतो. म्हणूनच मानेच्या शस्त्रक्रियेपूर्वी मज्जारज्जूवर दाब कोठे आहे एवढेच पाहून भागत नाही. डोके धडावर कसे स्थिरावले आहे, हेही मोजावे लागते. त्याचे मुख्य साधन म्हणजे उभ्या स्थितीत बाजूने काढलेले साधे क्ष-किरणचित्र.

या चित्रावर दुसऱ्या मणक्याच्या मध्यापासून खाली ओळंबा सोडल्यासारखी उभी रेषा आखतात. सातव्या मणक्याच्या मागील वरच्या कोपऱ्यापासून ही रेषा किती पुढे पडते, ते मोजतात. हे अंतर ४० मिलिमीटरहून अधिक असल्यास शस्त्रक्रियेनंतरही त्रास अधिक राहण्याची शक्यता असते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मानेचा बाक ‘कॉब कोना’ने मोजला जातो. छातीच्या पहिल्या मणक्याचा उतार जितका अधिक, तितका नजर समोर ठेवण्यासाठी मानेला अधिक बाक लागतो.

कवटी आणि मान यांच्या सांध्याची मोजमापे वेगळी आहेत. पहिल्या मणक्याची पुढील कमान आणि दुसऱ्या मणक्याचा दंताकार उंचवटा यांतील अंतर प्रौढांत साधारणतः ३, तर मुलांत ५ मिलिमीटरपर्यंत असते. ते त्याहून वाढल्यास सांधा सरकल्याचा संशय येतो. हे दोन मणके स्क्रू व पट्ट्यांनी जखडण्याची पद्धत मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये मांडली. २००१ मध्ये जर्मनीतील हार्म्स यांनी तिचे सळ्यांवर आधारित रूप पुढे आणले. आज ती दोघांच्या नावाने ओळखली जाते. कवटीही मानेशी जोडायची असेल, तर कोनाला विशेष महत्त्व येते. डोके फार खाली झुकलेल्या स्थितीत जखडले गेले, तर गिळणे व श्वास घेणे अवघड होऊ शकते.

मोजमाप विश्वासार्ह ठरण्यासाठी रुग्णाने सहज उभे राहून समोर पाहणे आवश्यक असते. हनुवटी उचलली, की बाक बदलतो. झोपून काढलेल्या चित्रात डोक्याचा भार दिसत नाही. खांद्यांच्या सावलीत सातवा मणका अनेकदा झाकला जातो. अपघातग्रस्ताची मान मात्र चित्रासाठी वाकवू नये. शिवाय क्ष-किरणचित्रात हाडे दिसतात, मज्जारज्जू नव्हे. त्यासाठी एमआरआय लागतो.

बालाघाटसारख्या जिल्ह्यातून नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णाने जुनी चित्रे सोबत नेणे हिताचे ठरते. मान स्थिर आहे की वर्षागणिक झुकत चालली आहे, हे एका चित्रावरून कळत नाही. दोन चित्रे शेजारी ठेवल्यावरच ते उमगते.