जिन्याखालचं कपाट

१५० तास आधी. रविवार, दुपारी २:४०
रेडिंगच्या घरातली माझी पाचवी बीअर. इंग्लंडात १९६३ पासून घरच्यापुरती बीअर करायला परवाना लागत नाही. सांगलीत हाच उद्योग केला असता तर एक्साइजवाले दारात आले असते. बादलीत २३ लिटर. किती साखर आंबायची राहिलीय ते बघायला हायड्रोमीटर सोडला तर १.०२०. उतरायला हवा होता १.०१० पर्यंत, पण गॅरेजच्या गारठ्यात यीस्ट झोपी गेलं होतं. शनिवारी भाऊबीज, ताई आणि दाजी येणार. म्हटलं, थांबलंय म्हणजे झालंय.

आई एअरलॉककडे बघत उभी. एक बुडबुडा आला. बऱ्याच वेळानं दुसरा.

"अरे, हे अजून बोलतंय की."

इडलीच्या पिठापलीकडे हिला काय कळतंय, असं मनात म्हणून मी बाटलीमागे अर्धा चमचा साखर घातली आणि झाकणं ठोकली. बेचाळीस बाटल्या जिन्याखालच्या कपाटात गेल्या. हीटिंगचे पाइप तिथूनच जातात.

२६ तास आधी. शुक्रवार, संध्याकाळी ६:४०
पाहुण्यांसाठी थर्मोस्टॅट १७ वरून २२ वर. गॅसच्या बिलावरून बायकोशी थोडी वादावादी. यीस्टला मात्र ऊब मानवली.

हिशेब अवघड नव्हता, मी तो नंतर केला एवढंच. लिटरभर बीअरमध्ये चार ग्रॅम साखर आंबली की साधारण लिटरभरच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरला असा दोन-अडीच लिटर वायू असला की बीअर छान फेसाळते. तेवढी सोय माझ्या अर्ध्या चमच्यानं केलीच होती. हायड्रोमीटरच्या त्या राहिलेल्या दहा अंकांत आणखी पाच लिटर दडले होते. साध्या बाटलीची काच तीन-चारच्या पुढे भरवशाची नाही.

८ तास आधी. शनिवार, दुपारी १२:४०
चवीसाठी एक बाटली उघडली. फेस नळापर्यंत उडाला, अर्धी बीअर सिंकमध्ये. मी काय करावं? बायकोला हाक मारली, "बघ, काय गॅस धरलाय!" आणि फोटो काढला.

२ तास आधी. ६:४०
ताई-दाजी आले. कोट जिन्याखालच्या कपाटात टांगले. मग ओवाळणी, चकल्या, चिवडा.

१ तास आधी. ७:४०
दाजींना लंडनची गोष्ट सांगायला घेतली. बीअर करणाऱ्या प्रत्येकाला ती पाठ असते. १७ ऑक्टोबर १८१४, टॉटनहॅम कोर्ट रोडजवळची ब्रुअरी. दुपारी साडेचारला जॉर्ज क्रिक नावाच्या कारकुनाला दिसलं, की बावीस फुटी लाकडी पिंपाचं तीनशेवर किलोचं लोखंडी कडं घसरलंय. कडी वर्षातून दोन-तीनदा घसरायचीच. वरिष्ठ म्हणाले, काही होत नाही, दुरुस्तीसाठी चिठ्ठी लिहून ठेव. साडेपाचला पिंप फुटलं, तेव्हा ती चिठ्ठी त्याच्या हातात होती. बीअरचा लोंढा मागच्या गरीब वस्तीत घुसला. आठ जण गेले.

"एक तास होता की हातात," दाजी म्हणाले.

मी मान डोलावली.

१२ मिनिटं आधी. ८:२८
ठप्प. गाय फॉक्सचा शनिवार-रविवार, बाहेर सगळीकडे बार उडत होते. ताई म्हणाली, "इथं पण सुतळी बॉम्ब मिळतात?" आईनं जिन्याकडे बघितलं. "आंबूस वास येतोय."

८:४०
बाटल्या आणायला उठलो. कपाट चार पावलांवर असताना आत एक फुटली, तिच्या धक्क्यानं शेजारची, मग मोजता येईना. खिट्टी उडून दार उघडलं. तपकिरी फेस पॅसेजमधून रांगोळीपर्यंत आला. दाजींच्या लोकरी कोटात, कॉलरपाशी, नखाएवढी काच उभी रुतली होती.

फुटल्या अकरा.

१४ तासांनंतर. रविवार, सकाळी १०:४०
दार लोटून खिडक्या रात्रभर उघड्या ठेवल्या होत्या. सकाळी गॉगल, ओव्हनचे हातमोजे, वर जाड घोंगडी, अशा अवतारात उरलेल्या तीस बाटल्या एकेक करून बागेत नेल्या आणि झाकणं काढली. दाजी माझा रेनकोट घालून घरी गेले होते. शेवटच्या बाटलीतली बीअर ढवळून ढवळून गॅस घालवला आणि हायड्रोमीटर सोडला.

१.०१३. अजून तीन अंक बाकी होते.