किश बेटावरचे नऊ दिवस आणि संजानचा ताजिक

माझ्या जुन्या पासपोर्टवर दुबईचे दोन शिक्के शेजारी शेजारी आहेत. एक बाहेर पडल्याचा, दुसरा नऊ दिवसांनी परत आल्याचा. साल २००३. घरात कुणी विचारलं तर मी 'व्हिसा चेंज' एवढंच सांगतो. मुंब्रा-कौसा, भिवंडी, कल्याणच्या मुस्लिम मोहल्ल्यांत त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. इतर वाचकांसाठी सांगतो.

कल्याणहून व्हिजिट व्हिसा काढून मी नोकरी शोधायला गेलो होतो. मुदत साठ दिवसांची. नोकरी मिळाली, पण नोकरीचा व्हिसा देश सोडून बाहेर गेल्याशिवाय हातात पडणार नव्हता. भारतात येऊन परत जायचं तर तिकिटाचे पैसे कुठून आणायचे? मग स्वस्तातला रस्ता म्हणजे इराणचं किश बेट. दुबईहून विमान जेमतेम पाऊण तास उडतं. बेट मुक्त व्यापार क्षेत्र असल्याने तिथे उतरायला व्हिसा लागत नसे. तिथे जायचं, हॉटेलात पडून राहायचं, नवा व्हिसा छापून आला की परत फिरायचं. फिलिपिनो, पाकिस्तानी, बंगाली, मलबारी, आपण कोकणी, सगळे त्याच रांगेत. विमानतळावर बायकांना डोकं झाकायला रुमाल देत.

मी खोलीत शिरलो तेव्हा तिथे आधीच पाच जण होते. त्यातला एक डोंबिवलीचा फिटर. मराठी ऐकताच त्याने उठून माझी बॅग घेतली. अठरा दिवस झाले होते त्याला. चौदा दिवसांची मुदत संपून वाढवूनही घेतली होती. रोज संध्याकाळी खाली काउंटरवर नावांची यादी लागायची आणि रोज तो अंघोळ करून, भांग पाडून यादी बघायला उतरायचा. "आज दर्शन नाही," असं म्हणत वर यायचा. शाकाहारी माणूस, त्यामुळे नान आणि दही यावर दिवस काढत होता. मला म्हणाला, "भाई, घरी फोन केला की बायको विचारते, परदेशात समुद्रकिनारी आहात म्हणे. काय सांगू तिला?"

उन्हाळा एवढा की दुपारी बाहेर पाऊल टाकवत नसे. ऊन उतरल्यावर आम्ही पश्चिमेच्या किनाऱ्यावर जायचो. तिथे १९६६ साली वाळूत रुतलेलं एक ग्रीक मालवाहू जहाज अजून उभं आहे. गंजलेलं, पोकळ. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत. सगळ्या बेटावर आमच्याइतकं अडकलेलं तेच एक होतं, म्हणून असेल कदाचित.

नवव्या दिवशी माझं नाव लागलं. डोंबिवलीकराचं त्या दिवशीही नव्हतं. पुढच्या फेब्रुवारीत, १० तारखेला, किशहून शारजाला येणारं किश एअरचं छोटं पंख्याचं विमान उतरता उतरता पडलं. ४६ पैकी ४३ माणसं गेली. त्यात भारतीय होते, असाच व्हिसा बदलून परतणारे होते. ओळखीचं कुणी नव्हतं. तरी नावं वाचताना हात थरथरत होते.

किशचा इतिहास मला त्या वेळी ठाऊक नव्हता. ज्या बेटावर आम्ही 'जायला जागा नाही म्हणून' बसलो होतो, तिथे बाराव्या शतकात हिंदुस्थानचे व्यापारी मसाले घेऊन उतरत. तुदेलाच्या बेंजामिन या ज्यू प्रवाशाने ते लिहून ठेवलं आहे. आपल्यापैकी ज्यांनी मदरशात गुलिस्ताँ वाचली असेल त्यांना सादीची ती गोष्ट आठवेल. एक व्यापारी रात्रभर झोपू देत नाही, कुठला माल कुठे नेईन याचे बेत सांगत राहतो. ती रात्र किशमधलीच. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हरीरा या जुन्या शहराचे अवशेष आहेत. आमच्यापैकी कुणी ते बघायला गेलं नाही. आम्ही गंजकं जहाज बघत होतो.

किशच्या आधी या आखाताचं मोठं बंदर होतं सिराफ, पलीकडच्या इराणी किनाऱ्यावर. ९७७ च्या सुमारास भूकंप झाला, सिराफ उतरणीला लागलं आणि किश वर आलं. या सिराफचे लोक आपल्या किनाऱ्यावर राहायला येत. अल्-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६-१७ साली, सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आपलं चौल. तो लिहितो की तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान आहेत. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे. इथेच लग्नं करून राहिलेले. इथे जन्मलेल्या मुसलमानांना 'बयासिरा' असा वेगळा शब्द होता. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमत असे. त्याला 'हुनरमन' म्हणत. राजा राष्ट्रकूट, स्थानिक अधिपती शिलाहार झंझ.

हे झालं चौलचं. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातला पुरावा याहून पक्का आहे, कारण तो तांब्यावर कोरलेला आहे. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला ताम्रपट मिळाले. २०१४ पासून ते गाव पालघर जिल्ह्यात गेलं, पण इतिहास काही जिल्ह्याबरोबर वाटून जात नाही. त्यातला एक शक ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या काळातला आहे. संजान मंडळाचा अधिकारी म्हणून त्यात नाव येतं मधुमती सुगतिप याचं, जातीने ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे मोहम्मदचं संस्कृत रूप आहे, हे ताम्रपट वाचणाऱ्या दिनेशचंद्र सरकारांनी दाखवलं. इंद्राच्या आजोबांनी, कृष्ण दुसरा याने, हा प्रदेश त्याला दिला होता. त्याने आजूबाजूची बंदरं ताब्यात घेऊन तिथे आपली माणसं बसवली. दोन प्रवाहांवर लोकांसाठी मोफत नाव सुरू केली. एक अन्नछत्र काढलं, ज्यात भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला जमीन दिली.

ताम्रपटातला तुपाचा उल्लेख वाचताना मला डोंबिवलीकराचं नान-दही आठवलं.

तेव्हाचे राजे फार उदार होते, असं माझं म्हणणं नाही. बंदराला जकात हवी होती आणि जकात आणणारा माणूस कुठल्या देशाचा हे विचारून कुणाचं पोट भरत नव्हतं. त्याच ठाण्याच्या राजाबद्दल मार्को पोलो सांगतो की त्याने चाच्यांशी संगनमत केलं होतं, लुटीतले घोडे त्याचे, बाकी माल चाच्यांचा. आणि अडवणुकीचं म्हणाल तर कल्याणचाच दाखला आहे. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक खलाशाच्या पुस्तकात लिहिलंय की कल्याण एकेकाळी कायदेशीर बाजारपेठ होती, पण सत्ता बदलल्यावर तिथे उतरणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. आमच्या गावात व्हिसा नाकारण्याची प्रथा एवढी जुनी आहे!

पण एक फरक मला सोडत नाही. सिराफचा माणूस ठाण्या-चौलला आला की किती दिवस राहायचं हे समुद्र ठरवायचा. पावसाळ्यात बंदरं बंद. वारा फिरेपर्यंत त्याला इथेच थांबावं लागे. त्या थांबण्यातून घर झालं, घरातून मोहल्ला, मोहल्ल्यातून आम्ही. 'मौसिम' हा अरबी शब्द आपल्या पावसाला चिकटला तो याच थांबण्यातून. आमच्या लोकांनी तिकडे चाळीस चाळीस वर्षं काढली आणि त्या थांबण्यातून घर झालं नाही.

माझे मामू १९७६ साली बॅलार्ड पिअरहून 'द्वारका' बोटीने दुबईला गेले. तोवर तिथे दिऱ्हम आले होते. त्याआधी दहा वर्षांपर्यंत तिथल्या बाजारात रुपयाच चालायचा. १९५९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या. १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि ते संपलं. मामूंनी आधी गोदीत, मग एका किराणा दुकानात काम केलं. पुढे त्या दुकानात छोटी भागीदारी घेतली. मुलगा तिथेच जन्मला, तिथल्याच शाळेत शिकला. जन्मामुळे नागरिकत्व मिळत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर बापाच्या व्हिसावर मुलाला शिक्षणापुरतंच राहता येई. शिक्षण संपलं आणि तो कौशाला आला, जिथे तो आयुष्यात चार वेळा सुट्टीत आला होता. पहिल्या पावसाळ्यात तो मला म्हणाला, "भाईजान, इथे छत्री घेऊन लोकलमध्ये कसं चढतात?" मसूदीच्या वेळी असता तर त्याच्यासाठी निदान एक शब्द होता.

मामू आता कौशाला राहतात. गुडघे गेलेत. पण भागीदारीचा व्हिसा त्यांनी सोडलेला नाही. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिलं की तो रद्द होतो. म्हणून साडेपाच महिने झाले की मामू सहारहून दुबईला जातात, जुन्या भागीदाराकडे दोन रात्री झोपतात आणि परत येतात. वर्षातून दोनदा. मी किशला गेलो होतो दुबईत राहता यावं म्हणून. मामू दुबईला जातात ते कशासाठी, हे मी एकदा विचारलं.

"एवढी वर्षं गेली तिथे," ते म्हणाले. "शिक्का तरी चालू राहू दे."

मामीचा याला विरोध आहे. तेवढ्या तिकिटांत घराची गळती निघाली असती, असं ती म्हणते. तिचं खोटं नाही. पण गेल्या आठवड्यात मामूंनी मला फोन करून मोबाइलवर तारखा मोजायला लावल्या. मी मोजल्या. अकरा दिवस उरले होते. मी तिकीट काढून दिलं, खिडकीजवळचं.