मळ्याची वंशावळ

दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून अंक काढायचं ठरलं, आणि विणेकरीबुवा मला म्हणाले, "महाराज, माळ्यांच्या वस्तीचा इतिहास तुम्ही लिहा." मी चौथी शिकलेला. कीर्तनाला उभा राहिलो तर दोन तास बोलेन, पण कागद पुढं आला की हात जड होतो. तरी आज्ञा मोडवेना. काही चुकलं तर माउलींनी पदरात घ्यावं.

माळ्याची वंशावळ सांगायची तर सुरुवात अरणपासून. अरण माढा तालुक्यात, मोडनिंबजवळ. तिथं देवू माळी येऊन राहिले. ते पंढरीचे वारकरी. त्यांना दोन मुलं, परसू आणि डोंगरे. डोंगरे लवकर गेले. परसूबा आणि नांगिताबाई यांच्या पोटी १२५० साली सावता महाराज जन्मले. भेंड गावच्या जनाबाई त्यांच्या पत्नी. मुलगा विठ्ठल, मुलगी नागाताई. महाराजांनी शके १२१७ मध्ये, म्हणजे १२९५ साली, आषाढ वद्य चतुर्दशीला देह ठेवला. वय पंचेचाळीस. काशिबा गुरवांनी त्यांचे अभंग लिहून घेतले, त्यातले ३७ आज आपल्यापाशी आहेत.

आता माउली, एक गोष्ट ध्यानात घ्या. सातशे वर्षं झाली, पण या घरातली आई, बायको आणि लेक, तिघींची नावं आपल्याला ठाऊक आहेत.

आणि आमची वंशावळ? ती हेळव्याच्या वहीत. सुगी झाली की हेळवी बैल घेऊन वस्तीवर यायचा, ओट्यावर बसून वाचायचा. अमक्याचा मुलगा तमका, त्याची मुलं तीन, थोरला निपुत्रिक. आम्ही त्याला जोंधळं घालायचो, धोतर द्यायचो. पोरपणी मी विचारलं, "यात माझ्या आईचं नाव कुठाय?" हेळवी हसला. "लेकरा, बाई लग्नाआधी बापाची अन् मग नवऱ्याची. तिचं पान येगळं नसतं."

तवा मला ते खरं वाटलं.

मग १९७२ चा दुष्काळ पडला. विहिरीचा तळ दिसला. वस्तीवर कागदी लिंबाची झाडं होती, आज्याच्या हातची. आई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि अंधार पडला की घागरीनं पाणी आणून एकेका झाडाला तांब्या तांब्या घालायची. बरीच झाडं वाळली. जी राहिली त्यांच्या लिंबावर आम्ही पुढं दोन वर्षं मीठमिरची आणली. हेळव्याच्या वहीत ती बाग आज्याच्या नावानं आहे. लावली आज्यानं हे खरं. जगवली कुणी?

१९९० मध्ये सरकारनं रोजगार हमीतून फळबागा द्यायला सुरुवात केली. वस्तीवर बोरी आल्या, डाळिंबं आली. कुडाची घरं विटांची झाली. पुढं डाळिंबावर तेल्या पडला. फळावर तेलकट काळा डाग, मग फळ तडकायचं. मी माझ्या हातानं बाग उपटून बांधावर जाळली. त्या साली वारीला जायचं मन नव्हतं. खांद्यावर पताका घ्यायची कशाच्या जोरावर? तर घरातली म्हणाली, "तुम्ही जावा. देवाचा नेम मोडू नका. राहिलेल्या बोरी मी बघते."

मी गेलो. आणि दिंडीत चालता चालता डोक्यात लख्ख उजेड पडला. मी चाळीस वर्षं वारी करतो असं छाती पुढं काढून सांगतो. पण वारीच्या दिवसांतच मृग बहाराचं काम असतं. माझ्या मागं मळा कुणी सांभाळला? सावता महाराज मळा सोडून गेले नाहीत, त्यांनी मळ्यातच पांडुरंग पाहिला. म्हणून तर साऱ्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात आणि अरणला पांडुरंगाची पालखी जाते. मग मळ्यात मागं राहणारी बाई कुणाच्या वंशातली? ती सावता महाराजांच्याच वंशातली. आम्ही कीर्तनात हे सांगतो, पण घरी येऊन विसरतो.

बायाही दिंडीत चालतात, डोक्यावर तुळस घेतात, त्यांचं पुण्य मोठंच. पण ज्यांना कधी निघताच आलं नाही, त्यांची शंभर वर्षांत कुठं नोंद नाही.

या लेखात मी वस्तीतल्या कुणाचंच नाव घातलं नाही. एकाचं घातलं की दुसऱ्याचं राहतं. पण एक मागणं आहे. प्रत्येक घरानं एक कागद घ्यावा. कोणती विहीर कुणी पाडली, कोणतं झाड कुणी लावलं आणि ते कुणी जगवलं, ते लिहावं. आजी, आई, चुलती, सून, लेक, साऱ्यांची नावं घालावीत. कागद विणेकरीबुवांकडे द्यावा. हेळवी आला तर त्यालाही सांगावं, पायलीभर जोंधळं जास्त घालू, पण नाव लिही.

माझ्या घरचा कागद मी दिला आहे. पहिलं नाव आईचं आहे.

रामकृष्णहरी.