वाद्य कुठलं आणि हात कुणाचा

माझ्या भाच्याने दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशातून जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. पुसदच्या आमच्या मोहल्ल्यात गिटार म्हणजे नवलाईच. मी ती हातात घेतली, उलटी केली आणि दांडीच्या मागची बारीक अक्षरं वाचली. ती इंडोनेशियात बनलेली होती. मी लगेच म्हणालो, "बेटा, फसलास. ही अमेरिकेची नाही." पोराचा चेहरा उतरला. "मामू, वाजवून दाखवतो, ऐका तर," तो म्हणाला. मला नमाजला उशीर होत होता. मी न ऐकताच निघालो.

नंतर हे मनाला टोचत राहिलं. मी भाषेचा शिक्षक. पुस्तक न उघडता त्यावर मत देणाऱ्या विद्यार्थ्याला मी रागावतो, आणि इथे मी तेच केलं होतं. म्हणून हा 'कुठे बनलं' नावाचा शिक्का आला कुठून, ते शोधायला बसलो.

१८८७ साली ब्रिटिश पार्लमेंटने मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट हा कायदा केला. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या सुऱ्या-कात्र्या शेफील्डच्या नावाने खपवल्या जातात, अशी इंग्रज कारखानदारांची तक्रार होती. या कायद्यामुळे परदेशी मालावर देशाचं नाव आलं. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का कमीपणा दाखवण्यासाठी होता. पण जर्मनांनी माल सुधारला आणि काही वर्षांतच तो शिक्का भरवशाची खूण झाला.

आपल्याकडे ही ओढ त्याहून जुनी. मराठ्यांच्या काळात युरोपी पात्याच्या सरळ तलवारीला 'फिरंग' म्हणत आणि तिला मान होता. अशा तलवारींना धार लावणारे, त्यांची डागडुजी करणारे आपले शिकलगार. इंग्रजी अमलात तलवारींचं काम संपत गेलं, तेव्हा मिरजेतल्या शिकलगारांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब या कारागिराने तंतुवाद्यं दुरुस्त करता करता ती घडवायला सुरुवात केली. लोखंडावरचे हात लाकडावर आणि भोपळ्यावर बसले. पुढे या घराण्यांचं आडनावच 'सतारमेकर' झालं.

मिरजेत मोठा भोपळा पिकत नाही. तो भीमेच्या काठावरून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. लाकूडही बाहेरून येतं. मग मिरजेचं स्वतःचं काय? मिरजेची आहे ती जवारी. तंबोऱ्याची घोडी किंचित घासून तार तिच्यावर अशी टेकवायची की एका स्वरातून अनेक स्वर उमलावेत. हे काम कानाने होतं, आणि तो कान मिरजेला गायकांनी दिला. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली त्यांचं निधन झालं आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. समोर बसून दोष सांगणारा गवई असला की कारागीर सुधारतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला वेगवेगळं भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामागे पावणेदोनशे वर्षांची ही मेहनत आहे.

आता गिटारकडे येऊ. फेंडर ही अमेरिकी कंपनी. तिची स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली. १९६५ मध्ये कंपनी सीबीएसने विकत घेतली आणि त्यानंतरच्या गिटारींचा दर्जा घसरला, अशी वादकांची ओरड सुरू झाली. म्हणजे देश तोच, कारखाना तोच, माल मात्र उतरला. उलट १९८२ मध्ये फेंडरने जपानमध्ये उत्पादन सुरू केलं, आणि त्या सुरुवातीच्या जपानी गिटारी आज संग्राहक शोधत फिरतात. पुढे मेक्सिको, कोरिया, इंडोनेशिया, चीन असे देश आले. गंमत म्हणजे अनेक अमेरिकी गिटारींच्या दांडीवरची काळसर पट्टी आपल्या हिंदुस्थानी शिसमाची असते. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला जाऊन विलायती कापड होऊन परत यायचा, त्याचीच ही आठवण.

मग देशाला काहीच अर्थ नाही का? आहे. जिथे मजुरी महाग, तिथे किंमत चढते. स्वस्त वाद्यात सुटे भाग हलके घालतात आणि पडदे घासायला वेळ कमी देतात. हा फरक खरा आहे, पण तो मालकाने ठरवलेल्या खर्चाचा आहे, इंडोनेशियाच्या कारागिराच्या बोटांचा नाही. जुनी गिटार विकताना अमेरिकेच्या शिक्क्याला जास्त पैसे मिळतात, हेही खरं. पण ती बाजारातली किंमत. वाद्याचा गुण कानालाच कळतो.

हे लिहिताना मला माझी एक मुलाखत आठवली. बी.एड. झालो होतो. एका संस्थेत पहिलाच प्रश्न आला, "दहावी उर्दू माध्यमातून? मग मराठी कसं शिकवणार?" समोर फळा होता, खडू होता. एक कविता शिकवून दाखवा, असं कुणी म्हणालं नाही. माझ्याही पाठीवरची अक्षरं वाचली गेली होती. आणि वीस वर्षांनी मी भाच्यासमोर त्याच खुर्चीत जाऊन बसलो होतो.

परवा त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, "चल, वाजव." त्याने अर्धा तास वाजवलं. मला त्यातलं फार कळत नाही, पण आवाज गोड होता. एका ठिकाणी तार झणझणत होती. मी ते सांगितलं तेव्हा तो हसला. "बरोबर, मामू. तिथला पडदा जरा उंच आहे, घासून घ्यावा लागेल."

पुढच्या महिन्यात आम्ही दोघे ती घेऊन नागपूरला जाणार आहोत. घासायचा खर्च मी देणार आहे.