छताच्या वर कोण होतं?

साल 1881. कोपरगावला गोदावरीच्या बेटात शुक्राचार्यांच्या देवळात डोकं टेकवून तुम्ही निघाला आहात. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या इथंच शिकवली गेली, हे तुम्ही कळायला लागल्यापासून ऐकत आला आहात. असुरांनी शुक्राचार्यांच्या शिष्याला, कचाला, तीनदा मारलं. तिसऱ्या वेळी त्याची राख मद्यात कालवून खुद्द गुरूलाच पाजली. आता विद्या दिल्याशिवाय शिष्य जगत नाही, आणि तो पोट फाडून बाहेर आला की गुरू उरत नाही. तरी शुक्राचार्यांनी ती दिली. कच बाहेर आला आणि त्यानं आधी गुरूला उठवलं. ही गोष्ट बरोबर असू द्या, पुढे तिची गरज पडेल.

दौंड-मनमाड रेल्वे होऊन तीनच वर्षं झाली आहेत. मनमाडला गाडी बदलता, इगतपुरीनंतर घाट उतरता, आणि बोरीबंदरला उतरता तेव्हा नव्या स्टेशनाच्या इमारतीचं बांधकाम चालू आहे. भाड्याच्या घोडागाडीवाल्याला ब्रीच कँडी सांगा. समुद्राकडच्या खडकाळ चढावर ‘क्रोज नेस्ट’ नावाचा बंगला आहे. तिथं भूत आहे अशी वदंता असल्यानं तो स्वस्तात भाड्यानं मिळाला. घेणारे दोघं 1879च्या फेब्रुवारीत अमेरिकेहून आलेले: कर्नल ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की. थिऑसॉफिकल सोसायटी त्यांचीच.

बैठकीत तंबाखूचा धूर आहे. मादाम सिगारेट वळत बोलताहेत, समोर काही पारशी, काही मराठी, काही गुजराती मंडळी बसली आहेत. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक तेविशीचा सडपातळ तरुण मासिकाच्या वर्गणीदारांचे पत्ते लिहितो आहे. दामोदर मावळंकर. घराणं कऱ्हाडे ब्राह्मणांचं, मूळचं कोकणातलं, पण तो जन्मला अहमदाबादेत. लहानपणीच लग्न झालं, पण संसार केला नाही. जात सोडली, वडिलोपार्जित संपत्तीवरचा हक्क सोडला, आणि हिमालयापलीकडे राहणाऱ्या महात्म्यांचा शिष्य म्हणून तो इथं राहतो आहे.

मग वरून एक कागद पडतो. तुम्ही दचकून वर बघता तोवर तो जमिनीवर आहे. महात्म्याचं पत्र! बसलेल्यांपैकी कुणी हात जोडतो, कुणी कागद उलटसुलट करून पाहतो. घरकाम बघणाऱ्या एमा कूलोंब बाई दारातून आत डोकावून जातात. त्यांचा नवरा अलेक्सी हातानं फार कसबी, सुतारकाम उत्तम जाणणारा. या दोघांकडे आज कुणाचंही लक्ष नाही. तुम्ही ठेवा.

आता साडेतीन वर्षं पुढे या. सोसायटीचं बिऱ्हाड 1882च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यारला गेलं आहे. त्याच वर्षी, 20 फेब्रुवारीला, लंडनमध्ये आणखी एक मंडळ निघालं: सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च. केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिज्विक अध्यक्ष, सोबत मायर्स आणि गर्नी. मृत्यूनंतर काही उरतं का, एका मनातलं दुसऱ्या मनाला कळतं का, माध्यमांच्या अंगी खरंच काही शक्ती असते का, हे श्रद्धेवर किंवा टवाळीवर न सोडता पुराव्यानं तपासायचं, असं त्यांनी ठरवलं. मला हा निश्चय फार मोलाचा वाटतो. माणसाला सर्वांत जवळचा असलेला प्रश्न त्यांनी तपासणीच्या टेबलावर आणला, आणि उत्तर काहीही निघो, ते ऐकायची तयारी ठेवली.

डिसेंबर 1884मध्ये या मंडळाचा माणूस महात्म्यांच्या चमत्कारांची तपासणी करायला अड्यारला पोचतो. रिचर्ड हॉजसन, मेलबर्नचा, एकोणतीस वर्षांचा. सप्टेंबरात मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकानं काही पत्रं छापली होती. ती मादामनीच आपल्याला लिहिली आणि त्यांत चमत्कार कसे घडवायचे याच्या सूचना आहेत, असं एमा कूलोंबचं म्हणणं. थिऑसॉफिकल सोसायटीनं त्या जोडप्याला मे महिन्यातच घराबाहेर काढलं होतं. मादाम म्हणतात, पत्रं बनावट आहेत.

हॉजसनच्या मागं मागं जिना चढा. गूढविद्येच्या खोलीत भिंतीवर एक लाकडी कपाट होतं, त्याला ‘श्राइन’ म्हणत. त्यात पत्र ठेवलं की उत्तर येई. कपाट आता नाही. सप्टेंबरात एका सदस्यानं ते किती भक्कम आहे हे दाखवायला मागच्या फळीवर हात मारला आणि फळी सरकली. मग भक्तांनीच ते जाळून टाकलं. भिंतीपलीकडे मादामची झोपायची खोली. हॉजसन ती भिंत बारकाईनं तपासतो आणि कूलोंबनं दाखवलेल्या सरकत्या फळ्यांचा हिशेब जुळवतो. थिऑसॉफीवाले सांगतात, मादाम युरोपात असताना त्या सुतारानंच सूड म्हणून हे सगळं करून ठेवलं. म्हणजे सगळा वाद एका तारखेवर येऊन ठेपतो: त्या फळ्या केव्हा बसवल्या.

आणि ती बशी. ऑगस्ट 1883मध्ये जनरल मॉर्गन श्राइन पाहायला आले. एमाबाईंनी दार उघडलं तशी आतली चिनी मातीची बशी पडून फुटली. तुकडे फडक्यात बांधून कपाटात ठेवले, दार लावलं, आणि थोड्या वेळानं उघडलं तर बशी अखंड. जनरलसाहेब भारावून गेले. एमाबाई आता म्हणतात की दुकानातून एकसारख्या दोन आणल्या होत्या. हॉजसन त्या दुकानापर्यंत माग काढत जातो. तुम्ही कोपरगावचे आहात. गुरूनं स्वतःचा जीव पणाला लावून दिलेली विद्या तुम्हाला ठाऊक आहे. बशी सांधणाऱ्या महात्म्यांपुढे तुमचे हात जोडले जात नाहीत, आणि त्यात काही चूक नाही.

पण हॉजसनची वही वाचताना थांबा. मुंबईचे मार्तंडराव नागनाथ आणि त्यांच्यासारखे साक्षीदार सांगतात की पत्रं पडताना पाहिली, चांदण्यात फेटेवाली आकृती पाहिली. एमाबाई म्हणतात, ते आपणच बनवलेलं बाहुलं होतं, नाव ‘ख्रिस्टोफोलो’. हॉजसन साक्षींतल्या विसंगती शोधतो, आणि ते त्याचं कामच आहे. मात्र ज्या बाईला याच घरातून हाकललं तिचा शब्द तो बराच सहज उचलतो. आपल्याकडची ही माणसं खोटारडी नव्हती. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. छताच्या वर कोण आहे, हे त्यांना दिसत नव्हतं एवढंच.

डिसेंबर 1885मध्ये अहवाल छापून येतो, सुमारे दोनशे पानांचा. मादाम ही इतिहासातली अत्यंत कुशल बतावणीखोर, असा निकाल. वर ती रशियाची हेर असावी, असा हॉजसनचा तर्क, ज्याला बळकट पुरावा नाही. पुढे 1887मध्ये तो बॉस्टनला जातो, लिओनोरा पायपर या माध्यमबाईंच्या मागं खासगी गुप्तहेर लावतो, लबाडी सापडत नाही, आणि वर्षांनुवर्षं बैठका केल्यावर मृतांशी बोलणं होतं असं मान्य करतो. 1905च्या डिसेंबरात तो हँडबॉल खेळता खेळता कोसळून मरतो. त्यानंतर पायपरबाईंच्या तोंडून ‘हॉजसन’च बोलू लागतो, आणि ते बोलणं तपासायला मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स बसतात. 1986मध्ये सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चच्याच नियतकालिकात हस्ताक्षरांचे जाणकार व्हर्नन हॅरिसन अड्यारच्या अहवालावर कडक टीका करतात: पुरावा एकतर्फी वापरला, पत्रांबाबतचे निष्कर्ष टिकत नाहीत. आपल्याच जुन्या निकालावरची अशी टीका छापणारी संस्था मला आदरणीय वाटते.

तुम्ही मात्र 23 फेब्रुवारी 1885ला मद्रासच्या धक्क्यावर या. दामोदर कलकत्त्याच्या बोटीवर चढतो आहे. तिथून दार्जिलिंग, मग सिक्कीम. एप्रिलनंतर त्याची रोजनिशी थांबते. तो बर्फात गेला असं काही म्हणतात, महात्म्यांकडे पोचला असं काही. अहवाल त्याला लबाडीतला साथीदार ठरवील, आणि उत्तर द्यायला तो नसेल. बोट सुटायला वेळ आहे. तेव्हा साहेबाच्या इंग्रजीत नको, आपल्या मराठीत विचारा: “दामोदरपंत, ब्रीच कँडीला पत्र पडलं तेव्हा तुम्ही माळ्यावर कधी चढून पाहिलंत का? बशी फुटली त्या दिवशी कपाटाच्या मागच्या खोलीत कोण होतं? आणि माहीत होतं, तर घरदार कशापायी सोडलंत?”