पोलादाच्या पाठीशी पुण्याचे प्राध्यापक

शॉमबर्गहून इंडियानाकडे निघालात, की मिशिगन सरोवराच्या काठी गॅरी लागते. पोलाद कारखान्यासाठी हे गाव 1906 मध्ये वसवले गेले. पुढच्याच वर्षी टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली आणि 1912 मध्ये साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, तिचे पहिले पोलाद तयार झाले.

पहिल्या महायुद्धानंतर युरोपातले स्वस्त पोलाद भारतात येऊ लागले आणि ही कंपनी अडचणीत आली. मदत करायची, तर किती आणि कुणाच्या खिशातून? हे ठरवायला 1923 मध्ये टॅरिफ बोर्ड नेमले गेले. अध्यक्ष जॉर्ज रेनी. सदस्य पदमजी गिनवाला आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक वामन गोविंद काळे. हेच काळे पुढे 1935 मध्ये बँक ऑफ महाराष्ट्रच्या संस्थापकांत होते.

बोर्डापुढे तीन कसोट्या होत्या. धंद्याला देशात कच्चा माल आणि बाजारपेठ आहे का? मदतीवाचून त्याची वाढ अडते का? आणि पुढे तो स्वतःच्या पायावर उभा राहील का? पोलाद तिन्ही कसोट्यांना उतरले. 1924 च्या कायद्याने परदेशी पोलादावर जकात वाढली, देशी रुळांना अनुदान मिळाले. पण मुदत तीनच वर्षांची. जकातीचा भार शेवटी पत्रा आणि खिळे विकत घेणाऱ्यावरच पडतो.

2018 मध्ये अमेरिकेने आयात पोलादावर 25 टक्के कर लावला. तो वाद घरात निघाला, तर मुलांना या तीन कसोट्या जरूर सांगा. आणि एक प्रश्न त्यांनाच विचारा: ही मदत थांबवायची कधी?